सामू, क्लोरीन आणि आपल्या बॅकयार्डातलं पाणी

मेमोरियल डेचा लाँग वीकएंड तोंडावर आलाय. न्यू जर्सीतल्या आपल्यापैकी बऱ्याच घरांत आता पूलवरचं हिवाळी आच्छादन निघेल, पंप सुरू होईल, आणि हिरवट पाण्याकडे बघत कुणीतरी म्हणेल, "यंदा पूल बुजवूनच टाकूया!" दरवर्षी म्हणतो, दरवर्षी मुलांच्या हट्टापुढे नमतो.

आजचा विषय आहे त्या पाण्याचा इतिहास. आणि सुरुवात माझ्याच एका मूर्खपणाने करते.

आम्ही पूल असलेलं घर घेतलं त्या पहिल्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझे सासरे, आमचे नाना, तेव्हा भारतातून आले होते. पोरं पाण्यातून बाहेर आली की डोळे लाल. पाण्याला उग्र वास. मला वाटलं, क्लोरीन जास्त झाला असावा, म्हणून चार दिवस काहीच टाकलं नाही. पाणी गढूळ झालं. मग घाबरून भरपूर क्लोरीन टाकला. तरी पाणी गढूळच. शेवटी दुकानातल्या मुलाने पाणी तपासून सांगितलं, "तुमचा पीएच 8.2 आहे, ॲसिड टाका." मी म्युरिअ‍ॅटिक ॲसिडची बाटली आणली आणि ज्या प्लॅस्टिकच्या मगाने आदल्या दिवशी पातळ क्लोरीन मोजला होता, त्याच मगात ओतली. मगाच्या तळाशी थोडा क्लोरीन उरला होता.

मगातून हिरवट पिवळा धूर आला. घशात सुरी फिरावी तसं झालं. खोकल्याने डोळ्यांसमोर अंधारी आली आणि मागून नानांचा आवाज आला, "अगं, टाक तो मग! लांब हो, वाऱ्याच्या तोंडाला ये!" त्यांनी दंड धरून मला ओढत नेलं. पाच मिनिटांनी श्वास जाग्यावर आला. आमचं नशीब, मग छोटा होता आणि आम्ही उघड्यावर होतो. हेच बंद शेडमध्ये झालं असतं तर आज हा कार्यक्रम दुसऱ्या कुणीतरी केला असता.

मंडळी, माझ्या मगात जे झालं ते काही नवं नव्हतं. 1774 साली कार्ल शीले नावाच्या स्वीडनमधल्या औषधविक्याने जवळपास असंच केलं होतं, फक्त मुद्दाम आणि नीट विचार करून. त्याने मँगनीजच्या काळ्या खनिजावर हेच ॲसिड ओतलं आणि गुदमरवणारा हिरवट पिवळा वायू मिळवला. त्या वायूने फुलांचे रंग उडतात, हेही त्याने टिपून ठेवलं. पण हे एक स्वतंत्र मूलद्रव्य आहे, हे त्याला कळलं नाही. ते 1810 साली लंडनमध्ये हम्फ्री डेव्हीने ठामपणे सांगितलं आणि ग्रीक भाषेतल्या फिकट हिरव्या रंगाच्या शब्दावरून त्याचं नाव ठेवलं, क्लोरीन.

गंमत बघा, रसायनशास्त्रज्ञांनी त्या ॲसिडचं नाव केव्हाच बदललं. शाळेत आपण त्याला हायड्रोक्लोरिक ॲसिड म्हणायला शिकलो. पण इथल्या हार्डवेअरच्या दुकानात बाटलीवर अजून शीलेच्या काळातलंच नाव आहे, म्युरिअ‍ॅटिक. लॅटिनमध्ये 'म्युरिया' म्हणजे खारं पाणी. मिठापासून निघणारं, म्हणून हे नाव. अडीचशे वर्षांचा इतिहास आपण काही डॉलरला विकत आणतो आणि गॅरेजमध्ये ठेवतो.

क्लोरीन पहिल्यांदा कामाला लागला तो कापड पांढरं करायला. 1799 साली ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने चुन्यात क्लोरीन मुरवून कोरडी पावडर बनवण्याचं पेटंट घेतलं. हीच ब्लीचिंग पावडर. ती जंतूही मारते हे पुढे कळलं. किंबहुना जंतू असतात हे कळायच्या आधीच कळलं! 1847 साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने बाळंतिणींना तपासण्याआधी सगळ्यांना याच पावडरच्या पाण्याने हात धुवायला लावले, आणि बाळंतरोगाने होणारे मृत्यू झपाट्याने उतरले. का उतरले, हे तेव्हा त्यालाही नीट सांगता आलं नाही.

(संगीत)

त्या संध्याकाळी चहा घेताना नानांनी मला विचारलं, "ओटी घेतली होतीस का?"

मला काही कळेना. मग ते बोलू लागले. नाना जिल्हा परिषदेत आरोग्य सेवक होते. कृष्णाकाठची गावं. पावसाळा आला की विहिरींत टीसीएल टाकायची, हे त्यांचं काम. तुमच्यापैकी जे गावाकडून आलेत त्यांना टीसीएल पावडर आठवत असेल. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोपऱ्यात पोतं असायचं आणि दार उघडलं की वास नाकात जायचा. ती म्हणजे टेनंटच्याच ब्लीचिंग पावडरची उष्ण हवेत टिकेल अशी बहीण. आणि ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीनची चाचणी. पाण्यात थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे, नाही झालं तर नाही. ही चाचणी 1913 सालापासूनची. ते रसायन अपायकारक असल्याचं लक्षात आल्यावर तिची जागा डीपीडी चाचणीने घेतली, जिच्यात पाणी गुलाबी होतं. इंग्लंडच्या पेलिन यांनी ती 1957 साली मांडली. आपल्या पूलच्या किटमधली गुलाबी नळी ती हीच.

नानांकडे आणखी एक पेटी असायची, हॉरॉक्सची. ब्रिटिश सैन्यातल्या विल्यम हॉरॉक्स या डॉक्टरने ती बनवली. पेटीत सहा पांढरे पेले, एक काळा पेला, आणि दोन ग्रॅम पावडर मावेल असे चमचे. काळ्या पेल्यात पावडरचं दाट द्रावण करायचं. पांढऱ्या पेल्यांत विहिरीचं पाणी भरायचं आणि पहिल्यात एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं करत सहाव्यात सहा थेंब टाकायचे. अर्धा तास थांबायचं. मग प्रत्येकात स्टार्चचं द्रावण घालून कुठल्या पेल्यापासून निळा रंग येतो ते बघायचं. तिसऱ्यात आला, तर शंभर गॅलनला, म्हणजे 455 लिटरला, तीन चमचे पावडर.

"एवढी भानगड कशाला? सरळ टाकायची ना पावडर," मी म्हटलं.

नाना म्हणाले, "प्रत्येक विहिरीची भूक वेगळी असते. घाण जास्त, तर ती क्लोरीन आधी खाऊन टाकते. तिची भूक भागल्यावर जो उरतो, तोच जंतू मारतो. म्हणून किती टाकला हे विचारायचं नाही. किती उरला ते विचारायचं."

पूलचं अर्धं शास्त्र या एका वाक्यात आहे, हे मला नंतर समजलं.

आता जरा आपल्या शेजारी येऊया. पार्सिपनीकडून दोनशे सत्त्याऐंशी नंबरच्या हायवेने जाताना एक मोठा जलाशय दिसतो, तो बूनटनचा. तळाशी जुनं बूनटन गाव बुडालेलं आहे. हे पाणी जातं जर्सी सिटीला, जिथे न्यूअर्क अ‍ॅव्हेन्यूवर आपण भाजी आणि मिठाई घ्यायला जातो. 1904 साली हे पाणी शहरात पोचलं, आणि थोड्याच काळात शहराने पाणी पुरवणाऱ्या कंपनीला कोर्टात खेचलं. करारात शब्द होते, पाणी 'शुद्ध आणि आरोग्यदायी' हवं. शहराचं म्हणणं, पूर आला की वरच्या गावांची घाण वाहून येते, मग हे शुद्ध कसलं? न्यायाधीशांनी सांगितलं, वरच्या भागात गटारं बांधा, नाहीतर पाणी शुद्ध राखण्याचा दुसरा काही उपाय दाखवा.

कंपनीचे सल्लागार होते डॉ. जॉन लील, पॅटरसनचे. त्यांचे वडीलही डॉक्टर. अमेरिकेच्या यादवी युद्धात छावणीतल्या पाण्याने त्यांना हगवण जडली आणि तिने पुढे अनेक वर्षं छळून 1882 साली त्यांचा जीव घेतला. लील यांनी तो 'दुसरा उपाय' ठरवला: ब्लीचिंग पावडर. लोकांना रसायनांची भीती. डॉक्टरांचाही विरोध. लील यांनी कुणाला न विचारता जॉर्ज फुलर या इंजिनिअरकडून यंत्रणा उभारून घेतली, आणि 26 सप्टेंबर 1908 रोजी बूनटनच्या पाण्यात क्लोरीन पडू लागला. रोज सुमारे पंधरा कोटी लिटर पाणी, आणि दहा लाख भाग पाण्यात क्लोरीन एक भागाहूनही कमी. युरोपात आधी काही ठिकाणी हे झालं होतं. इंग्लंडमधल्या लिंकन शहरात 1905 साली विषमज्वराच्या साथीत ॲलेक्झांडर ह्यूस्टन यांनी ते केलं होतं. पण अमेरिकेत एका शहराला कायमचं क्लोरीनचं पाणी मिळालं ते इथे, आपल्या न्यू जर्सीत.

पुन्हा खटला उभा राहिला. वकिलाने लील यांना विचारलं, हे पाणी तुम्ही स्वतः प्याल का, बायकोमुलांना द्याल का? लील यांनी सांगितलं की त्यांच्या मते ते जगातलं सगळ्यात सुरक्षित पाणी आहे. निकाल त्यांच्या बाजूने लागला, आणि काही वर्षांत शहरामागून शहरांनी हीच वाट धरली. लील 1914 साली गेले. पॅटरसनच्या दफनभूमीत त्यांच्या जागेवर जवळजवळ शंभर वर्षं नावाचा दगडही नव्हता. तो 2013 साली बसला.

लील यांचा प्रयोग झाला 1908 साली. पुढच्याच वर्षी, 1909 मध्ये, कोपनहेगनला सोरेन्सन या शास्त्रज्ञाने पीएचची मोजपट्टी मांडली. ते कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. आंबवण्यातली विकरं किती आंबटपणात नीट काम करतात, हे त्यांना मोजायचं होतं. आपल्या मराठी पुस्तकांत पीएचला छान शब्द आहे, सामू. गावाकडे माती परीक्षणाच्या कागदावर 'जमिनीचा सामू' असं लिहिलेलं असतं. सात म्हणजे मधला, त्याखाली आंबट, त्यावर अल्कधर्मी. आणि एक अंक म्हणजे दहापट फरक. 8 आणि 7 या आकड्यांत एकाचाच फरक दिसतो, पण आंबटपणात दहापटीचा असतो.

सामू आणि क्लोरीन यांची गाठ इथेच पडते. पाण्यात क्लोरीन दोन रूपांत असतो. एक हायपोक्लोरस आम्ल, ते जंतूंच्या कवचातून चटकन आत शिरतं. दुसरा हायपोक्लोराइट आयन, तो फार दुबळा. कुठलं रूप किती, हे सामू ठरवतो. सामू 7.2 असेल तर दोन तृतीयांश क्लोरीन कामाच्या रूपात असतो. 7.5 ला अर्धा. 8 ला पाव. आणि माझ्यासारखा 8.2 झाला तर जेमतेम सहावा हिस्सा. मी बाटल्याच्या बाटल्या ओतत होते, किटमध्ये गुलाबी रंगही दाट दिसत होता, पण त्यातले बहुतेक शिपाई झोपलेले होते. फार खाली गेलं तर वेगळी आफत. पाणी धातू खातं, प्लास्टर खातं, डोळे झोंबतात. आपल्या अश्रूंचा सामू साधारण 7.4 असतो. म्हणून 7.2 ते 7.8 ही पट्टी, आणि 7.4 च्या आसपास राहिलं तर उत्तम.

आणि तो वास? जो 'क्लोरीन जास्त झाला' असं सांगतोय असं मला वाटत होतं? तो उलट सांगत होता. घाम, लघवी, अंगाला लावलेलं तेल यांच्याशी क्लोरीन जोडला गेला की क्लोरामाइन तयार होतात. उग्र वास त्यांचा, डोळे लाल होतात तेही त्यांच्यामुळे. नानांच्या भाषेत, विहिरीची भूक अजून भागलेली नव्हती. एका मर्यादेपलीकडे पुरेसा क्लोरीन दिला की क्लोरामाइन मोडून पडतात आणि वास जातो, हे 1930च्या दशकाच्या अखेरीस पाणीपुरवठ्याच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. दुकानात ज्याला 'शॉक' म्हणतात ते हेच.

पोहण्याच्या तलावात क्लोरीन कधी आला? त्याआधी तलाव भरायचा, लोकांनी पोहायचं, पाणी घाण झालं की उपसून पुन्हा भरायचं. 1910 साली ऱ्होड आयलंडमधल्या ब्राउन विद्यापीठात जॉन बंकर नावाच्या विद्यार्थ्याने तिथल्या तलावात ब्लीचिंग पावडर टाकून जंतू मोजले. अमेरिकेतला हा अगदी सुरुवातीचा प्रयोग. 1950च्या दशकाच्या अखेरीस क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं सायन्युरिक आम्ल आलं, आणि घरोघरच्या पूलची देखभाल सोपी झाली.

(संगीत)

मंडळी, शेडमधल्या त्या ॲसिडच्या बाटलीची आणखी एक गोष्ट सांगायची आहे. ती मुलांनाही ऐकू द्या.

18 जून 1964. फ्लोरिडातलं सेंट ऑगस्टिन गाव, मॉन्सन मोटर लॉज नावाचं मोटेल. तिथल्या पूलमध्ये फक्त गोऱ्यांना परवानगी. त्या दिवशी काही काळ्या आणि गोऱ्या तरुणांनी एकत्र पाण्यात उड्या मारल्या. मोटेलच्या व्यवस्थापकाने म्युरिअ‍ॅटिक ॲसिडचा कॅन आणून पाण्यात ओतायला सुरुवात केली. पाण्यात किंचाळणाऱ्या मुली आणि काठावर ॲसिड ओतणारा माणूस, हा फोटो जगभर छापला गेला. एवढ्या मोठ्या पूलमध्ये तेवढ्या ॲसिडने फारसं काही होणार नाही, हे पोहणाऱ्यांपैकी एकाला माहीत होतं. बाकीच्यांचा धीर टिकावा म्हणून त्याने त्यातलं पाणी पिऊन दाखवलं, असं सांगतात. दुसऱ्याच दिवशी सिनेटने नागरी हक्कांचा कायदा मंजूर केला. त्याच लाटेत पुढच्या वर्षी स्थलांतराचा नवा कायदा आला. 3 ऑक्टोबर 1965 रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यावर सही केली ती लिबर्टी बेटावर, जर्सी सिटीच्या किनाऱ्यावरून दिसतं तिथे. आपण, आपले काका, आपले आईवडील इथे आलो ते त्या कायद्याने उघडलेल्या दारातून.

हे ऐकताना तुम्हाला महाड आठवलं असेल. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसं चवदार तळ्यावर गेली आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्यालं. नंतर गावातल्या सवर्णांनी तळं 'शुद्ध' केलं. कशाने? गाईचं शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या एकशे आठ घागरी मंत्र म्हणत ओतून. तेही प्रकरण कोर्टात गेलं, आणि दहा वर्षांनी, 17 मार्च 1937 ला, मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला.

जर्सी सिटी आणि महाड, दोन्हीकडे खटला पाण्याचा. दोन्हीकडे वादात शब्द एकच, शुद्ध. एका ठिकाणी वकील विचारत होते की पाण्यात जंतू किती. दुसऱ्या ठिकाणी लोक विचारत होते की पाण्याला हात कुणाचा लागला. नानांच्या पेटीतल्या पेल्याला हा दुसरा प्रश्न कळत नाही. कुठल्याही वाड्याची विहीर असो, कुठल्याही वस्तीची, रंग येतो किंवा येत नाही.

नानांना मी एकदा विचारलं, तुम्ही या चाचणीबद्दल एवढे कडक का? ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, आषाढात. पोतं ओलं झालं होतं, पावडरचा दम गेला होता. मी नेहमीएवढी टाकली, वहीत लिहिलं आणि पुढच्या गावाला गेलो. ओटी घेतली नाही. आठ दिवसांत गॅस्ट्रो सुरू झाला. दोन पोरं गेली." एवढंच बोलून ते उठले. पूलजवळ गेले, नळीत पाणी घेतलं आणि उजेडात धरून रंग बघू लागले.

नाना आता नाहीत. आमच्या शेडमध्ये त्यांनी मराठीत लिहिलेला कागद अजून चिकटवलेला आहे. या वीकएंडला तुमच्याही कामी येईल, म्हणून वाचून दाखवते.

आधी मोजा, मग टाका. आधी सामू बघा, मग क्लोरीन. सामू 7.2 ते 7.8. क्लोरीन दहा लाखांत किमान एक भाग, सायन्युरिक आम्ल वापरत असाल तर किमान दोन. सामू सारखा हलत असेल तर पाण्याची क्षारता बघा. कमी असेल तर खाण्याच्या सोड्याने वाढते. औषध पाण्यात टाका, पाणी औषधात नाही. ॲसिड आणि क्लोरीन एका फळीवर ठेवायचे नाहीत, आणि दोन्हींचे मग वेगळे. वेगवेगळ्या प्रकारचे क्लोरीनही एकत्र करायचे नाहीत. 1915 साली ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडलेला वायू हाच होता, हे विसरायचं नाही. पोरांनी पाण्यात उतरण्याआधी अंघोळ करायची.

आणि सगळ्यात खाली, लाल शाईने: "टाकल्यावर पुन्हा मोजा."

तेव्हा मंडळी, पूल उघडा, शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलवा. किटमधली रसायनं गेल्या वर्षीची असतील तर ती टाकून नवी आणा, जुनी झाली की ती खोटा रंग दाखवतात. आणि नळीत पाणी घ्याल तेव्हा मुलांना शेजारी उभं करा, रंग त्यांना वाचू द्या. पुढच्या रविवारी पुन्हा भेटूया. नमस्कार!